सहाव्या मजल्यावरची खुर्ची

महाडच्या बाजारपेठेत आमचं हार्डवेअरचं दुकान आहे. लग्न होऊन आले तेव्हापासून मी गल्ल्यावर बसते, त्यामुळे कुठल्याही घरात शिरले की माझी नजर आधी दाराच्या बिजागरीकडे जाते आणि मग माणसांकडे. हे आधीच सांगून ठेवते. कारण मुंबईत आम्ही आठवड्यासाठी जे 'लक्झरी व्हिंटेज पेंटहाऊस' भाड्यानं घेतलं, त्याबद्दल लोक मला विचारतात समुद्र दिसतो का, झुंबर केवढं होतं. आणि मी त्यांना पडद्याच्या दांड्यांबद्दल सांगते.

पेंटहाऊस घ्यायचं कारण सासूबाईंचा डोळा. उजवा काचबिंदूनं केव्हाच गेला होता. डाव्यात मोतीबिंदू पिकत चालला होता. एकच डोळा शिल्लक असला की डॉक्टरही सावध होतात. महाडच्या डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं, "मी हात लावणार नाही. मुंबईला न्या." मुंबईत असं काम करणाऱ्या ज्या सर्जनबाई होत्या, त्यांची तारीख मिळायला दोन-दोन महिने लागायचे. पहिली तारीख ऐन पावसात आली. तेव्हा आंबेनळी घाटात दरड कोसळली आणि सासूबाई पोलादपूरच्या वर त्यांच्या वाडीतच अडकल्या. दुसरी गणपतीनंतरची. तेव्हा रक्तातली साखर इतकी चढली होती की बाईंनी आम्हाला तसंच परत पाठवलं. "दोनच मोदक खाल्ले," असं सासूबाई अजून म्हणतात. तिसरी तारीख दिवाळीनंतरची मिळाली. या खेपेला मी त्यांना महिनाभर आधीच महाडला आणून ठेवलं आणि फराळाचे डबे गोदामात पत्र्यांच्या मागे कुलपात ठेवले.

बाईंच्या मदतनिसानं फोनवर बजावलं होतं, "शनिवारी सकाळी साडेआठला हजर पाहिजे. नऊ वाजले की नंबर दुसऱ्याला जाईल. नंतर मॅडम परदेशी जाणार आहेत, आणि तुमच्या पेशंटचा डोळा तितकं थांबणार नाही."

सासूबाई चौथी शिकलेल्या. त्यांच्या तरुणपणी वाडीत वाचता येणारी बाई म्हणजे त्या एकट्याच. मुंबईहून आलेली पत्रं त्या सगळ्यांना वाचून दाखवायच्या, अगदी ज्यांची होती त्यांनी लाजून पदर तोंडात घातला तरी. पत्रं गेली तशी लग्नपत्रिका, औषधाच्या बाटल्या, वड्याभोवतीचा कागद, जे हाताला लागेल ते वाचायच्या. पोलादपूरच्या स्टँडवर एसटी लागली की बायका बोर्डाकडे बघायच्या नाहीत, सासूबाईंकडे बघायच्या. मागच्या उन्हाळ्यात त्यांनी तिघींना खात्रीनं गाडीत चढवलं आणि गाडी कशेडी घाट चढू लागल्यावर कळलं की ही वाडीकडे नाही, खेडला चाललीय. तेव्हापासून त्या स्टँडवर गेल्याच नाहीत. दिसत नाही असं मात्र कधी म्हणाल्या नाहीत. म्हणायच्या, "आता कोण वाचतंय गो, सगळं मोबाइलवर असतंय."

तर मुंबईत आठवडाभर राहायचं होतं. आधी तपासण्या, मग ऑपरेशन, मग पट्टी सोडणं. आमचे नातेवाईक कळवा, नालासोपारा अशा लांबच्या ठिकाणी. इस्पितळाजवळच्या हॉटेलातल्या खोल्या मी फोटोत बघितल्या. पलंग आणि भिंत यांच्यातून सासूबाईंना आडवंच जावं लागलं असतं. शेवटी पुण्याला नोकरी करणाऱ्या मुलीनं तिच्या मोबाइलवर शोधलं.

"आई, लक्झरी व्हिंटेज पेंटहाऊस. हॉस्पिटलपासून दहा मिनिटं. ऑफर चालू आहे."

"पेंटहाऊस म्हणजे?"

"सगळ्यात वरचा मजला. सहावा."

"लिफ्ट?"

"आहे."

"कमोड?"

"दोन आहेत. आणि प्रायव्हेट गच्ची."

"गॅस?"

"आई, पेंटहाऊस आहे ते."

"गॅस आहे का नाही?"

"आहे."

"मग घे."

नवरा दुकानात थांबला. त्याला सुई बघितली की घेरी येते. इस्पितळात एक पेशंट पुरे होता.

आता थोडं मागचं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. आमच्याकडच्या बऱ्याच गावांची पूर्वी मुंबईत एकेक खोली असायची. चाळीतली, दहा बाय बाराची. दारावर गावाचं नाव. गावातला जो कोणी पोटासाठी मुंबईला जाईल तो त्या खोलीत उतरणार. कोणाला विचारायचं नाही, कोणी नाही म्हणायचं नाही. भिंतीला ट्रंका, वर वळकट्या, दिवसपाळीचे उठले की रात्रपाळीचे आडवे. आमच्या वाडीची खोली चाळ पाडली तेव्हा गेली. माणसं पांगली, कोणी विरारला गेलं, कोणी बदलापूरला. वाडीचं मंडळ तेवढं राहिलं. त्याच्या बैठका कधी बागेत, कधी कोणाच्या सोसायटीच्या जिन्यात. बागेतून माळी उठवायचा, जिन्यातून सेक्रेटरी. खोली गेली, पण खोलीची सवय गेलेली नाही, हे मला माहीत असायला हवं होतं.

बुधवारी आम्ही निघालो. वडखळला ड्रायव्हर चहाला उतरला आणि मी सासूबाईंसाठी पाण्याची बाटली आणायला गेले. परत येते तो त्या फोनवर. "हां, सहाव्या माळ्यावर. जागा लय मोठी हाय, पोरगी म्हणाली गच्ची पण हाय," एवढं मी ऐकलं. वाटलं, कोणालातरी मिरवून सांगतायत. सांगू देत.

इमारत दक्षिण मुंबईत, समुद्राच्या मागच्या रस्त्यावर. कोपरे गोल केलेली, पिवळसर रंगाची. लिफ्ट जाळीच्या दाराची, आत लाकडी बाकडं. जिना लिफ्टच्या पिंजऱ्याभोवती गोल फिरत वर जाणारा. पायऱ्या रुंद, उंची कमी, कठडा सागवानी. हे मी आल्याआल्या बघून ठेवलं, कारण लिफ्ट कितीही छान असली तरी ती यंत्रच.

घर खरंच दांडगं होतं. दिवाणखान्यात आमचं अख्खं दुकान गोदामासकट मावलं असतं. पितळी कड्या अशा, की आता तसा माल येतच नाही. दारांना एका फळीचं साग. आरशांच्या कडा झिजलेल्या, पंखे संथ, संडासातली टाकी साखळीची. एकूण काय, जे आमच्याकडे जुनं म्हणून भंगारात जातं, त्याला इथं व्हिंटेज म्हणतात आणि त्याचं भाडं लावतात. मला ते पटलं. माल चांगला असेल तर का लावू नये?

घर सांभाळायला एक केअरटेकर होता. पन्नाशीचा, बारीक, पांढरा शर्ट, हातात चाव्यांचा जुडगा. मालक परदेशात असायचे. त्यानं नियम सांगायला सुरुवात केली. चारच्या वर माणसं नकोत. गच्चीच्या कठड्यावर कपडे नकोत. ग्रामोफोनला हात नको. "आणि मॅडम, ती खिडकीजवळची शिसवी खुर्ची शंभर वर्षांची आहे. ती फक्त बघायला. तिच्यावर बसायचं..."

त्याचं वाक्य राहिलं, कारण सासूबाई बसल्या होत्या.

त्यांचा दोष नव्हता. काठी टेकत, हात पुढे करून त्या चालल्या आणि बरोबर उंचीला जे लागलं त्यावर टेकल्या. बाकीचे सोफे एवढे खोल, की सासूबाई एकदा आत गेल्या की दोन माणसांनी उपसून काढाव्या लागत. गुडघे वाकत नाहीत, वजन पंचाहत्तर. शिसवी खुर्ची उंच, पाठ सरळ, हात भक्कम. त्या खुर्चीत त्यांना आपली आपण ऊठबस करता येत होती.

"झकास हाय," त्या म्हणाल्या. "मालकाला सांग, माणसाला बसता येईल अशी एवढीच वस्तू हाय घरात."

दुसऱ्या दिवशी तपासण्या करून आलो तर खुर्चीच्या वर भिंतीला कागद चिकटवलेला. लाल मार्करनं, ठसठशीत: 'कृपया या खुर्चीवर बसू नये.' मी वाचला. सासूबाई त्याच्याखालीच जाऊन बसल्या. केअरटेकरनं माझ्याकडे बघितलं, मी खिडकीबाहेर बघितलं. दिवसातून वीस वेळा त्यांना सोफ्यातून काढायची माझी तयारी नव्हती. खुर्ची मात्र मी दुपारी उलटी करून तपासली. सांधे सगळे खुंटीचे, खिळा एकही नाही. तीन माणसं बसली तरी कुरकुरली नसती.

शुक्रवारी संध्याकाळी पाचला बेल वाजली. दारात मंडळाचे अध्यक्ष. नात्यानं माझे चुलत दीर, पूर्वी एका बँकेच्या दारावर पहारेकरी होते, आता निवृत्त. काखेत बैठकीची वही. त्यांच्यामागे जिन्यात आणखी सहाजण, चपला हातात घेऊन उभे.

"वयनी, काकींनी बोलावलंय," अध्यक्ष म्हणाले.

"कशाला?"

"बैठक हाय ना. जागा हाय म्हणाल्या."

मी मागे वळून बघितलं. सासूबाई शिसवी खुर्चीत ताठ बसल्या होत्या, चेहरा अगदी निरागस. "उद्या माझा डोळा कापणार गो. माणसं भेटायला नको?"

"भेटायला का बैठकीला?"

"एका फेरीत दोन्ही होतंय."

पाठोपाठ केअरटेकर वर आला. खाली दाराशी येणाऱ्याजाणाऱ्यांच्या वहीत सगळ्यांनी 'कामाचे स्वरूप' या रकान्यात 'गाव' असं लिहिलं होतं. "मॅडम, चारच माणसं अलाउड आहेत."

"आम्ही दोघीच हाओत की रे," सासूबाई म्हणाल्या. "दोन कमीच हायत अजून."

"आणि हे सात?"

"ती काय परकी हायत? आमचीच माणसं."

त्यानं चाव्यांचा जुडगा या हातातून त्या हातात घेतला. मी चहा टाकला.

बैठकीचा विषय शिमग्याच्या पालखीचा. पुढच्या दांडीला खांदा कोणी द्यायचा, यावरून दरवर्षी वाद. झुंबराखाली, गालिच्यावर मांडी घालून तो सुरू झाला. कोण मागच्या साली आलाच नाही, कोण आला पण फोनवरच होता, कोणी पालखी नाचवताना दोघांचे पाय तुडवले. सासूबाई मधूनमधून निकाल द्यायच्या. मी आतल्या खोलीत उद्याची कागदपत्रं लावली, त्यांच्या गोळ्या काढून ठेवल्या आणि ठरवलं, सकाळी सगळ्यांना चहा देऊन साडेसातला वाटेला लावायचं. मला खरंच राग आला होता. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी पेशंटला शांतता हवी, हे सांगायला डॉक्टर कशाला पाहिजे. आम्हाला डोळ्याची इतकी काळजी, आणि म्हातारी पालखीचे निवाडे करत बसलेली. बोलले मात्र नाही, कारण महिन्याभरात पहिल्यांदाच त्यांचा आवाज नेहमीसारखा निघत होता.

आणि अर्थात सातही जण मुक्कामाला राहिले. विरार लांब होतं.

सकाळी साडेसहाला उठले तर दिवाणखान्यात जुनी खोली अवतरलेली. सातजण एका ओळीत, डोकी भिंतीकडे, प्रत्येकाच्या उशाला त्याची पिशवी. तीन बेडरूम रिकाम्या होत्या. तिकडे कोणी फिरकलंही नव्हतं. दोघं आधीच उठले होते आणि दूध आणायला खाली चालले होते.

सासूबाईंची अंघोळ झाली, त्यांना नऊवारी नेसवली. सात वाजले तरी दुधाचा पत्ता नाही. सव्वासातला खालून हाक आली. "ओ वयनी!"

मी जिन्यानं चौथ्या मजल्यापर्यंत उतरले. लिफ्ट चौथ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मध्ये लटकलेली. जाळीत दोन तोंडं, आणि जाळीतून बाहेर आलेल्या दोन हातांत दुधाच्या पिशव्या.

"अडकलो," एकजण म्हणाला.

"दिसतंय."

"दूध घ्या, नासंल."

दूध घेतलं. तोवर केअरटेकर धावत आला. त्यानं लिफ्टच्या मेकॅनिकला फोन लावला. मेकॅनिक म्हणाला, अकरापर्यंत येतो. केअरटेकर म्हणाला, "रात्रीपासून सात-सात माणसं वरखाली करतायत, लिफ्ट ऐंशी वर्षांची आहे, होणारच होतं." ते खरं होतं. त्यावर वाद घालायला वेळ नव्हता. साडेसात झाले होते. इस्पितळ दहा मिनिटांवर, पण आम्ही सहाव्या मजल्यावर. लिफ्ट अकराला. नऊनंतर नंबर दुसऱ्याला.

सासूबाईंना पायऱ्यांनी उतरवणं शक्य नव्हतं. एका पायरीला एक मिनिट आणि दर चौथीला दम. सगळं मिळून सव्वाशेच्या वर पायऱ्या, मी पहिल्या दिवशीच मोजल्या होत्या. शिवाय गुरुवारीच त्यांचं ब्लड प्रेशर काठावर निघालं होतं आणि सर्जनबाईंनी सांगितलं होतं, शनिवारी वाढलेलं दिसलं तर मी डोळ्याला हात लावणार नाही. म्हणजे यांना खाली न्यायचं, तेही दमू न देता.

मी दिवाणखान्यात येऊन सांगितलं, "लिफ्ट बंद आहे. अकरापर्यंत चालू होत नाही."

सासूबाई म्हणाल्या, "मग डोली करा."

आमच्या वरच्या वाड्यांना रस्ता आला तो अलीकडे. त्याआधी आजारी माणूस, अडलेली बाई, सगळ्यांना डोलीतून डोंगर उतरवून पोलादपूरला आणायचे. सासूबाई स्वतः माझ्या नवऱ्याच्या जन्माच्या वेळी डोलीतून उतरल्या होत्या. कितीतरी जणींच्या डोल्या त्यांनी बांधूनही दिल्या होत्या. या बाबतीत त्या खोलीत त्यांच्याइतकं कोणालाच कळत नव्हतं.

"बांबू आणतो," एकजण उठला. "शेजारी रंगाच्या परांच्या लागल्यात."

"बांबू जिन्यात वळणार नाही," मी म्हणाले. "पाच फुटाच्या वर काही चालणार नाही." आणि तेव्हा माझी नजर पडद्यांच्या दांड्यांवर गेली. सागवानी, गोल, मनगटाएवढे जाड, पाच फुटांचे. तीन दिवस मी त्यांच्याकडे धंद्याच्या नजरेनं बघत होते.

पर्समध्ये माझा पेचकस असतोच. कुठंही गेले तरी दहा मीटर नायलॉनची दोरीही बॅगेत असते, कपडे वाळत घालायला. टेबलावर चढून दोन्ही दांडे उतरवले. केअरटेकर दारात येऊन उभा राहिला.

"मॅडम, ते ओरिजिनल आहेत."

"म्हणूनच घेतेय. आताचे पोकळ असतात."

"आणि खुर्ची?"

खुर्चीच्या हातांखालून दांडे घालून मी दोरी आवळत होते. "खुर्चीसुद्धा," मी म्हणाले. "बसू नये असं लिहिलंय. उचलू नये असं नाही लिहिलं."

त्यानं मोबाइल काढला आणि शूटिंग सुरू केलं. मालकाला पुरावा म्हणून.

सासूबाईंनी गाठी हातानं चाचपून बघितल्या, एक सोडवून मला परत बांधायला लावली. बरोबर होतं त्यांचं, ती सरकली असती. मग त्यांनी माणसं लावली. डोंगर उतरताना उंच माणसं पुढे, म्हणजे खालच्या बाजूला; बुटकी मागे. तरच डोली सपाट राहते. चेहरे त्यांना दिसत नव्हते. त्यांनी एकेकाला बोलायला लावलं आणि आवाजावरून ओळखलं.

"तू माळावरच्याचा ना? तुझा बाप उंच, तू पुढं. तू कोण?"

"मी काकी, तळ्याजवळचा."

"तुमचं अख्खं घर बुटकं. मागं."

"मी वाढलोय काकी, आईवर गेलोय."

"आई पण बुटकीच होती. मागं."

अध्यक्ष पुढच्या दांड्याला हात घालायला गेले. सासूबाई म्हणाल्या, "तू नाय. तुझं वय झालं. तू पुढं चालून वाट मोकळी कर." रात्रभर पुढच्या खांद्यासाठी भांडलेले अध्यक्ष निमूट बाजूला झाले.

मी ओढणीनं त्यांना खुर्चीला बांधलं. आडवं झोपवून, चादरीत घालून न्यावं असं कोणीतरी सुचवलं होतं, पण त्या तयार नव्हत्या. "आडवी बाई खाली आणली तर सगळी बिल्डिंग हात जोडंल. मी बसूनच जाणार."

चौघांनी उचललं. खांदे सवयीचे, पावलं आपोआप जुळली. पहिल्याच वळणावर खुर्ची जराशी हेलकावली.

"पालखी नाय ही," सासूबाई म्हणाल्या. "नाचवू नका."

जिना लिफ्टभोवती फिरत खाली गेला आणि आम्ही त्याच्याबरोबर. पुढे अध्यक्ष दारांपुढच्या कुंड्या आणि चपला बाजूला करत, मागे मी फाइल आणि काठी घेऊन, त्यामागे मोबाइल धरलेला केअरटेकर. पाचव्या मजल्यावर एक बाई नाइटगाउनमध्ये दार उघडून उभी होती. सासूबाईंनी दाराच्या आवाजाच्या अंदाजानं तिला नमस्कार केला. चौथ्याखाली आलो तर लिफ्टमधले दोघं जाळीला नाक लावून उभे.

"काकी, आमची पाळी चुकली," एकजण म्हणाला.

"बसा निवांत. बाकडं हाय ना आत?"

"हाय."

"मग बसा. शिमग्याला बघू तुमचं."

तिसऱ्या मजल्यावर मागचा डावा दमला. कबूल करेना, पण श्वासावरून सासूबाईंना कळलं. त्यांनी खुर्ची टेकवायला लावली. मी घड्याळ बघितलं, आठ वाजून पाच. मी मिनिटं मोजत होते, आणि खुर्चीत बसलेली म्हातारी विचारत होती, खालच्या दुकानात ताजे पाव मिळतात का. तेवढ्यात केअरटेकरनं मोबाइल खिशात घातला, मागच्या डाव्याला बाजूला केलं आणि स्वतः दांडा खांद्यावर घेतला. बारीक होता, पण उंचीनं बुटका. सासूबाईंना बदल लगेच जाणवला. "हा कोण नवीन?"

"मी केअरटेकर, आजी."

"बरा हायस. खांदा सपाट हाय तुझा."

खाली टॅक्सी धरली आणि साडेआठला तीन मिनिटं कमी असताना आम्ही इस्पितळाच्या दारात होतो. नर्सनं ब्लड प्रेशर मोजलं. गुरुवारपेक्षा कमी निघालं. माझं मोजलं असतं तर मलाच दाखल करून घेतलं असतं.

सर्जनबाईंनी ऑपरेशन केलं आणि डोळ्यावर पट्टी बांधली. एकच डोळा आणि त्यावर पट्टी, म्हणजे उद्यापर्यंत पूर्ण अंधार. "काम नीट झालंय," बाई म्हणाल्या. "पण नजर किती आली ते पट्टी काढल्यावरच सांगेन." पाचजण बाहेरच्या बाकड्यावर ओळीनं बसले होते. नर्सनं उठवलं तेव्हा एकेकजण आपापल्या कामाला गेला. लिफ्टमधले दोघं सव्वाअकराला सुटले आणि थेट गाडीनं विरारला गेले, असं अध्यक्षांनी फोनवर सांगितलं. सासूबाईंना घेऊन परतलो तेव्हा लिफ्ट चालू होती.

दुपारी मी दांडे परत लावले. जुने स्क्रू झिजले होते. जवळच्या दुकानातून पितळेचे आणून घातले. आधीपेक्षा घट्ट बसले. केअरटेकरनं ओढून बघितलं आणि पडदे सारखे करून गेला.

त्या रात्री सासूबाई पालखीबद्दल बोलल्या नाहीत, पावाबद्दलही नाही. खुर्चीत बसून हातांवरची नक्षी बोटानं चाचपत राहिल्या. एकदाच विचारलं, "नाय आलं तर?"

"नाही आलं तर तसं राहायचं," मी म्हणाले. "जेवायला काय करू?"

"भात," त्या म्हणाल्या.

रविवारी सकाळी पट्टी काढली. सर्जनबाईंनी समोरच्या तक्त्यावरची अक्षरं विचारली. सासूबाईंनी दोनतीनदा डोळा मिचकावला. मग म्हणाल्या, "अंधुक हाय. पाणी येतंय." बाई म्हणाल्या, आज इतकंच असतं, हळूहळू स्वच्छ होईल. त्या डॉक्टर होत्या, त्यांना घाई नव्हती. मी गाडीत विचारलं नाही आणि त्यांनीही काही सांगितलं नाही. काळा चष्मा लावून बसल्या होत्या.

वर आलो. केअरटेकरनं दार उघडलं. सासूबाईंनी काठी टेकली, चष्मा कपाळावर सारला आणि सवयीनं खिडकीकडे निघाल्या. खुर्चीपासून चार पावलांवर थांबल्या. मान वर केली. मला वाटलं गुडघा धरला.

"कृ-प-या," त्या म्हणाल्या.

मी हातातली पिशवी खाली ठेवली.

"या... खुर्ची-वर..." मध्ये थांबून त्यांनी डोळा पुसला. "बसू नये."

केअरटेकर झुंबराकडे बघत होता.

"हे कधीपासून हाय गो इथं?"

"गुरुवारपासून."

"मग सांगितलं का नाय?"

"तुम्ही बसला होतात."

सासूबाईंनी कागद पुन्हा एकदा वाचला. या वेळी सलग, पोलादपूरच्या स्टँडवर बोर्ड वाचायच्या तशा मोठ्यानं. मग केअरटेकरकडे वळल्या. "अक्षर चांगलं हाय तुझं."

आणि वळून, हातांचा आधार घेत, खुर्चीत बसल्या.